आधी खुलासा, मग आरोप

शेजारच्या मित्रदेशावर बाहेरून गंभीर आरोप झाला, की सरकारच्या मर्जीतल्या वृत्तपत्रात पहिल्या दिवशी काय छापून येतं? बहुतेक वेळा काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी येतात, आणि त्याही आरोपाच्या नसतात, खुलाशाच्या असतात. अमुक सरकारने आरोप फेटाळले. कोणते आरोप, कुणी केले, कशाच्या आधारावर, हे वाचकाने ताडून घ्यायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अग्रलेख येतो. त्यात शेजाऱ्याबद्दल फारसं काही नसतं. आरोप करणाऱ्याची मात्र चाळीस वर्षांची कुंडली मांडलेली असते.

नागपूरच्या एका मराठी दैनिकात परदेशाच्या पानावर माझी उमेदीची वर्षं गेली. 'परदेशाचं पान' म्हणायला मोठं. जाहिराती बसल्या की उरायचं अर्धं, आणि निवडणुकीच्या दिवसांत तेही जायचं. मे महिन्यात कूलरच्या वाळ्याच्या वासात बसून, टेलिप्रिंटरवरून फाडलेल्या दमट कागदांतून जग निवडायचं. डाक आवृत्ती लवकर सुटायची, म्हणून गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकाला जगातल्या घडामोडी एक दिवस शिळ्या मिळायच्या. पुढे संगणक आले, सगळ्या जगाची वृत्तपत्रं पडद्यावर दिसायला लागली, आणि मला दुसऱ्यांची पानं वाचायचा नाद लागला. बातमीपेक्षा तिची मांडणी. कुठे लावली, किती लावली, आधी काय घेतलं, शेवटी काय ढकललं.

या नादात मला पटलेली गोष्ट सांगतो. सरकारी वळणाची वृत्तपत्रं मित्राच्या बाबतीत सरसकट खोटं छापतात, असा आपला समज असतो. तसं फार कमी वेळा होतं. खोटं पकडलं जातं, आणि त्या दैनिकांत बसलेली माणसं आपल्याइतकीच हुशार असतात. ती फक्त क्रम बदलतात.

चेओनानचं प्रकरण मी त्या वेळी रोज वाचलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. २६ मार्च २०१० च्या रात्री दक्षिण कोरियाची चेओनान ही युद्धनौका पीत समुद्रात, दोन्ही कोरियांच्या वादग्रस्त सागरी हद्दीजवळ, दोन तुकडे होऊन बुडाली. ४६ नौसैनिक गेले. दक्षिण कोरियाने चौकशीसाठी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनचे तज्ज्ञ बोलावले. मे महिन्यात मासेमारी करणाऱ्या जहाजांनी समुद्रतळावरून पाणतीराचे (टॉर्पेडोचे) अवशेष ओढून काढले: पंखा, मोटारीचा भाग, आणि आतल्या बाजूला निळ्या शाईने हाताने लिहिलेला कोरियन लिपीतला '१ नंबर'. २० मे रोजी अहवाल आला. पाणतीर उत्तर कोरियाचा, पाणबुडीही त्यांचीच. उत्तर कोरियाने त्याच दिवशी हे सगळं कुभांड ठरवलं आणि आमचंच तपासणी पथक पाठवतो, पुरावे दाखवा, असं सांगितलं.

आता चीनकडे बघा. नौका बुडाल्यानंतर आणि अहवाल येण्याआधी, ३ ते ७ मे दरम्यान, उत्तर कोरियाचे किम जोंग-इल आपल्या खास रेल्वेगाडीने चीनमध्ये येऊन गेले. जपानी आणि दक्षिण कोरियन वाहिन्यांचे कॅमेरे त्यांच्या मोटारींच्या ताफ्यामागे डालियन शहराच्या रस्त्यांवर धावत होते. सगळं जग बघत होतं. चिनी सरकारी माध्यमांनी मात्र पाहुणा परत निघाल्यावरच सांगितलं की पाहुणा आला होता. ही त्यांची नेहमीचीच रीत होती, त्यात चेओनानचा संबंध असेलच असं नाही. पण चिनी वाचकाच्या हातात काय पडलं ते बघा. नौका बुडाली ही बातमी एका पानावर, पाहुणा येऊन गेला ही दुसऱ्या पानावर, आणि दोन्हींना जोडणारा दोरा कुठेच नाही.

अहवाल आल्यावर बीजिंगच्या परराष्ट्र खात्याने सूर लावला: सर्व संबंधितांनी शांतता आणि संयम राखावा. त्यानंतर चिनी सरकारी बातम्या त्याच पट्टीत गायल्या. सेऊल असं म्हणतं, प्योंगयांग असं म्हणतं. ज्याच्याकडे पाणतीराचा पंखा आहे आणि ज्याच्याकडे फक्त नकार आहे, दोघे शेजारीशेजारी, एकाच मापाच्या पाटावर बसवलेले. २८ मे रोजी पंतप्रधान वेन जियाबाओ सेऊलला गेले. चीन कुणालाही पाठीशी घालणार नाही, वस्तुनिष्ठ निर्णय करील, असं तिथे म्हणाले. तो निर्णय चीनने जाहीरपणे कधी सांगितलाच नाही.

गंमत अशी, की हाच क्रम शेवटी न्यूयॉर्कपर्यंत पोचला. ९ जुलै २०१० रोजी सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांचं निवेदन निघालं. त्यात हल्ल्याचा निषेध आहे, मृतांबद्दल शोक आहे, चौकशीच्या निष्कर्षाबद्दल चिंताही आहे. आणि त्याच्या बाजूला, या घटनेशी आमचा काही संबंध नाही असं उत्तर कोरियाने कळवल्याची नोंदही आहे. हल्ला झाला म्हटलंय. हल्ला केला कुणी, हे नाही. उत्तर कोरियाच्या राजदूताने लगेच हा आपला मोठा राजनैतिक विजय असल्याचं सांगून टाकलं. हल्ल्याचा निषेध झाला म्हणून दक्षिण कोरियानेही समाधान मानलं. एकाच कागदावर दोघे खूश झाले, की तो कागद मोठ्या कौशल्याने लिहिलेला असतो हे उपसंपादकाला लगेच कळतं.

इथे चीनच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. चेओनानच्या अहवालावर खुद्द दक्षिण कोरियात शंका घेणारे लोक होते, त्यात शास्त्रज्ञही होते. रशियाने आपले तज्ज्ञ पाठवले आणि त्यांचा पूर्ण अहवाल कधी प्रसिद्ध केला नाही. म्हणजे ताबडतोब निकाल देऊ नका, हे म्हणणं काही गुन्हा नव्हे. इराकमध्ये संहारक अस्त्रं आहेत हे २००३ मध्ये ज्यांनी छातीठोकपणे छापलं, त्यांना थोडी चिनी थंडाई पाजली असती तर बरं झालं असतं.

पण सावधगिरी आणि संगनमत, दोन्ही लांबून सारखीच दिसतात. ओळखायची कशी? माझ्याकडे एकच कसोटी आहे, आणि ती फार सोपी आहे: हेच वृत्तपत्र नावडत्या देशाच्या बाबतीत इतकंच सावध असतं का? २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या उगमावरून अमेरिका आणि चीनची जुंपली होती. तेव्हा ग्लोबल टाइम्सने अमेरिकेच्या फोर्ट डेट्रिक प्रयोगशाळेची चौकशी व्हावी म्हणून चक्क सह्यांची मोहीम चालवली. तिथे पंखा नव्हता, मोटार नव्हती, '१ नंबर' नव्हता. संयमही नव्हता. चेओनानच्या वेळी ज्या घराण्याला पुरावा पुरेसा वाटत नव्हता, त्याच घराण्याला इथे संशय पुरला. (ग्लोबल टाइम्स हे चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राच्या, पीपल्स डेलीच्याच घरातलं. थोरला गप्प बसतो, धाकटा गल्लीत ओरडतो. आणि डोकलाम-गलवानच्या दिवसांत आपल्या वाहिन्या धाकट्याचं ओरडणं थोरल्याची आज्ञा म्हणून दाखवत होत्या, तो वेगळाच विनोद.)

आमच्या कचेरीत हे सगळं शिकवायला कुणी पाश्चात्त्य गुरू लागला नाही. आमचे वृत्तसंपादक होते. माणूस नागपूरच्या महाल भागातला, अस्सल, तोंडाने फाटका, कॉपीच्या बाबतीत कर्दनकाळ. नव्या पोराने एखाद्या बातमीचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा मजकूर, खुलाशापासून सुरू केला, की ते कागद त्याच्यासमोर आपटायचे. "अबे, पहिले भांडण काय झालं थे सांग ना! जवाब मंग घेऊ." हा त्यांचा एकमेव धडा. त्यांना चीनशी, रशियाशी काही देणंघेणं नव्हतं. मनपातल्या टेंडरच्या बातमीवरूनच ते हे बोलायचे. पण मला तो धडा परदेशाच्या पानावर जितका उपयोगी पडला, तितका मनपाच्या पानावर पडला नसता.

कारण मनपाचं नागपूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही. या शहरात कोणत्या घरी कोणता पेपर येतो, यावरून त्या घरचं मत निम्मं-अर्धं कळायचं. तरुण भारत संघविचाराचा, लोकमतच्या संस्थापकांची हयात काँग्रेसमध्ये गेलेली, आणि इंग्रजी हितवाद तर १९११ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने काढलेला. हे कुणी लपवत नव्हतं. बर्डीच्या स्टॉलवर सकाळी उभं राहून दोन्ही बाजूंचे पेपर विकत घेणारे लोक मी बघितले आहेत. तर्री-पोह्याच्या ताटलीखाली एक, हातात दुसरा. 'इकडच्यानं वाढवलं असन, तिकडच्यानं दाबलं असन, मधात काढा.' हा नागपुरी हिशेब, आणि तो चुकत नाही. कारण ज्या नाल्याची बातमी आहे तो नाला त्याच्या घरामागून वाहतो. पेपरात काहीही येऊ दे, वास त्याला घरीच येतो.

पीत समुद्राचा वास धरमपेठेत येत नाही. तिथे हा मधात काढायचा हिशेब उलट घातक ठरतो. एका बाजूने खरं सांगितलं आणि दुसऱ्या बाजूने नुसतं नाही म्हटलं, तर मधला आकडा काढून आपण अर्ध्या खोट्यावर येऊन बसतो आणि वर तटस्थपणाचं समाधान मिळवतो. नकार छापणाऱ्या सरकारी दैनिकाला वाचकाने नकारावर विश्वास ठेवावा असं वाटतच नसतं. 'जाऊ द्या, दोघंही सारखेच' एवढं त्याने म्हटलं की त्याचं काम झालं.

आमच्या पिढीला या कारखान्यातला माल फार लहानपणी मिळाला. 'सोव्हिएत देश' नावाचं नियतकालिक मराठीत यायचं. वर्गणी नाममात्र, वर भेट म्हणून कॅलेंडर. वाचायला कुणी घेत नसे. कागद मात्र असा जाड आणि गुळगुळीत, की जूनमध्ये शाळा सुरू होताना वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला त्याच्यासारखा कागद नागपुरात मिळत नसे. खाकी कागदाचे पैसे वाचायचे. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाच्या पाठीवर वर्षभर एक हसरा अफगाण शेतकरी होता. पुढच्या बाजूला ट्रॅक्टर. घडी घालताना शेतकऱ्याचा एक कान आत गेला होता आणि डिंकाने तो कायमचा आतच राहिला. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या, आणि त्यांच्या वृत्तपत्रांच्या लेखी ती काबूलच्या सरकारने बोलावलेली 'मर्यादित तुकडी' होती. शाळा बांधणारी, झाडं लावणारी. १४ जानेवारी १९८० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ विरुद्ध १८ मतांनी सैन्य मागे घेण्याचा ठराव झाला. भारत तटस्थ राहिला. अफगाण सरकारने विनंती केली की फौजा परत जातील, असं आश्वासन सोव्हिएत संघाने दिलंय आणि त्यावर शंका घेण्याचं कारण नाही, असं आपल्या प्रतिनिधीने त्या चर्चेत सांगितलं होतं. फौजा १९८९ मध्ये गेल्या. माझं भूगोलाचं पुस्तक त्याच्या खूप आधी रद्दीत गेलं.

आरोपाला उत्तर देण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, पण त्यातला एक मला सगळ्यांत कसबी वाटतो, कारण त्यात खोटं अजिबात नसतं. २३ मे २०२१ रोजी अथेन्सहून लिथुआनियाच्या विल्नियसला निघालेलं रायनएअरचं विमान बेलारूसच्या हवाई हद्दीत असताना, विमानात बॉम्ब असल्याची सूचना राजधानी मिन्स्कच्या नियंत्रण कक्षाने दिली. विमान मिन्स्कला उतरवलं. सोबतीला मिग-२९ पाठवलं. बॉम्ब निघाला नाही. विमानात बसलेला, बेलारूसचे अध्यक्ष लुकाशेंको यांच्या विरोधातला पत्रकार रोमान प्रोतासेविच मात्र निघाला, आणि तो व त्याची मैत्रीण दोघांनाही अटक झाली. मिन्स्कने हमासच्या नावाचा धमकीचा ईमेल दाखवला. हमासने हात वर केले. ज्या कंपनीच्या सेवेवरून तो ईमेल गेला, तिने सांगितलं की तो विमान वळवल्यानंतर पाठवलेला आहे.

युरोपने बेलारूसवर आरोपांची राळ उठवली. आता शेजारी रशियाने काय म्हणावं? ईमेलच्या वेळेबद्दल बोलणं अवघड होतं. परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या मारिया झाखारोवा यांनी दुसऱ्याच दिवशी लिहिलं, की पाश्चात्त्य देश या घटनेला धक्कादायक म्हणतात हेच धक्कादायक आहे. आणि आठवण करून दिली २०१३ ची. त्या जुलैमध्ये बोलिव्हियाचे अध्यक्ष एव्हो मोरालेस मॉस्कोहून घरी निघाले होते. विमानात अमेरिकेला हवा असलेला एडवर्ड स्नोडेन लपला असल्याच्या संशयावरून युरोपातल्या काही देशांनी त्यांना हवाई हद्द नाकारली आणि विमान व्हिएन्नाला उतरवावं लागलं. स्नोडेन त्यात नव्हता. रशियन सरकारी माध्यमांनी पुढचे काही दिवस मोरालेस लावून धरला.

ही गोष्ट खरी आहे, ही खरी पंचाईत. मोरालेसचा अपमान झाला होता. एका सार्वभौम देशाच्या अध्यक्षाला रात्रभर विमानतळावर ताटकळत ठेवलं होतं, आणि आज हवाई सुरक्षेच्या नावाने गळा काढणाऱ्या राजधान्यांनी तेव्हा फार तर ओशाळवाणी सारवासारव केली. रशियन वाचकाला ते आठवणं साहजिक आहे, मलाही आठवलं. पण मोरालेसबद्दल वाचून झाल्यावर वाचक उठतो, आणि ईमेल कधी आला हा प्रश्न टेबलावर तसाच पडून राहतो. जुनी खरी तक्रार आणून नव्या खऱ्या तक्रारीवर झाकण म्हणून ठेवायची, याला तोड नाही. खोटारड्याशी भांडता येतं. खऱ्या आठवणीशी भांडणार कसं? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने पुढे २०२२ मध्ये बॉम्बची धमकी मुद्दाम खोटी दिली होती असा निष्कर्ष काढला, तेव्हा ते प्रकरण कुणाच्याच पहिल्या पानावर नव्हतं.

म्यानमारबद्दल एकच सांगतो. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता घेतली, निवडून आलेल्या नेत्या आंग सान स्यू की यांना कोंडलं, २४ मंत्री-उपमंत्री काढले. शेजारच्या चीनच्या शिनहुआ वृत्तसंस्थेने त्या मंत्र्यांची बातमी मोठा मंत्रिमंडळ फेरबदल म्हणून दिली. आणीबाणी जाहीर झाल्याचं त्यांनी वेगळ्या बातमीत दिलं होतं, लपवलं नव्हतं. पण उपसंपादक म्हणून सांगतो, तो मथळा लिहिताना कुणाचा तरी हात एक क्षण तरी थांबला असेल.

मोठ्या देशांचं ठीक आहे, त्यांना हौस असते. लहान देशातल्या सरकारी बातमीदाराला निवडच नसते. नेपाळचं गोरखापत्र १९०१ पासून निघतंय, सरकारी मालकीचं. काठमांडूत बसून उत्तरेच्या शेजाऱ्यावर झालेला आरोप छापायचा की दक्षिणेच्या, आणि छापला तर संध्याकाळी कुणाच्या वकिलातीतून फोन येईल, हा हिशेब तिथल्या डेस्कवर रोजचा असणार. मे २०१९ मध्ये तिथल्या राष्ट्रिय समाचार समिती या सरकारी वृत्तसंस्थेच्या तीन पत्रकारांची चौकशी लागली. त्यांनी दलाई लामांबद्दलची एक बातमी भाषांतर करून पुढे पाठवली होती. दलाई लामा रुग्णालयातून बरे होऊन घरी गेले, एवढीच ती बातमी. (या संस्थेचं इंग्रजी संक्षिप्त नाव आरएसएस. 'दलाई लामांच्या बातमीवरून आरएसएसच्या तिघांची चौकशी' हे नागपुरात बसून वाचताना चहा ठसकतो.) पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत काठमांडू पोस्ट या खासगी दैनिकाने, चीनच्या लपवाछपवीमुळे करोना बळावला असं म्हणणारा एका माजी अमेरिकी राजदूताचा लेख छापला. लेख उसना होता, आधी कोरियात छापून आलेला. चिनी वकिलातीने संपादकाचं नाव घेऊन जाहीर पत्रक काढलं. नेपाळमधल्या अनेक संपादकांनी एकत्र येऊन त्या पत्रकाचा निषेध केला, आणि मला तरी ते वाचून बरं वाटलं.

निवृत्तीनंतर पत्रकारितेच्या मुलांना अधूनमधून शिकवायला जातो. त्यांना एक खेळ देतो. फक्त खुलासा वाचून दाखवायचा, आणि त्यावरून मूळ आरोप काय असेल तो लिहून काढायला सांगायचं. एकदा चेओनानबद्दलचा उत्तर कोरियाचा इन्कार दिला. आजची मुलं हुशार आहेत. कुणी पाणबुडी ओळखली, कुणी पाणतीर, एकाने तर 'तपासणी पथक पाठवतो' यावरून चौकशी परदेशी तज्ज्ञांनी केली असणार इथपर्यंत मजल मारली. यवतमाळकडची एक मुलगी कागद कोरा ठेवून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "सर, याच्यात कोणी मेलं का नाही तेच समजत नाही. मेलं असन तर किती?"

मी कागद पुन्हा वाचला. मी दिलेल्या त्या मजकुरात मेलेली माणसं नव्हती. खोटे आरोप होते, कट होता, चिथावणी होती, युद्धाचे इशारे होते. ४६ हा आकडा कुठेच नव्हता. तेव्हापासून मी मित्रदेशांच्या पेपरातली कुठलीही फेटाळणी वाचताना आधी माणसं शोधतो. पुष्कळदा ती शेवटच्या परिच्छेदातही नसतात.

आपल्याकडे सरकारी दैनिक नाही, तेव्हा हे सगळं चिन्यांचं-रशियनांचं, असं म्हणून हात झटकता येतील. पण आमच्या डेस्कवर दिल्लीहून कधी कुणाचा फोन आला नाही, आणि तरी बांगलादेशाचं काय झालं ते सांगतो. १० डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेने बांगलादेशाच्या रॅपिड ॲक्शन बटालियन या पोलिसांच्या विशेष दलावर आणि तिच्या काही आजी-माजी अधिकाऱ्यांवर मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनाबद्दल निर्बंध लादले. ढाक्याने अमेरिकेच्या राजदूताला बोलावून नाराजी कळवली. मराठीत मी जे वाचलं त्यात नाराजी होती, बटालियन नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये स्वीडनमधून चालणाऱ्या नेत्र न्यूज या वृत्तस्थळाने 'आयनाघर' या गुप्त कोठडीबद्दल सविस्तर वृत्तांत दिला: बेपत्ता केलेली माणसं, खिडकी नसलेल्या खोल्या. शेख हसीनांचं सरकार आपलं मित्र होतं. आमच्याकडे तो वृत्तांत माझ्या पाहण्यात आला नाही. ५ ऑगस्ट २०२४ रोजी हसीना देश सोडून भारतात आल्या, आणि आठवडाभरात आयनाघर रंगीत चौकटीत छापून आलं. कोठडी तीच, खोल्या त्याच.

त्यानंतर मात्र चाक उलटं फिरलं. तिथल्या हिंदूंवर हल्ले होत असल्याच्या बातम्या आल्या. हल्ले झाले, घरं आणि देवळं फोडली गेली, यात शंका नाही. ढाक्याचं नवं सरकार म्हणू लागलं की बातम्या फुगवल्या जात आहेत, काही हल्ल्यांमागे राजकीय वैर आहे. या वेळी आमच्या पानांवर आरोप वर होता, ठळक होता, मेलेल्यांची नावं होती. म्हणजे क्रम अगदी आमच्या वृत्तसंपादकांना हवा तसा. फक्त खुलासा अनेकदा कुठेच नव्हता. भांडण सांगून झालं आणि जबाब घ्यायला कुणी गेलंच नाही. आदेश नव्हता, वकिलात नव्हती, सह्यांची मोहीम नव्हती. रात्री अकराला पान सोडायची घाई असलेला माणूस, आपला वाचक कशाने खूश होईल हे त्याला पाठ असलेलं, आणि उरलेली एक कॉलम जागा.

ती यवतमाळची मुलगी आता याच विषयावर तिचा प्रकल्प करते आहे. बांगलादेशाबद्दलच्या बातम्या, ऑगस्ट २०२२ आणि ऑगस्ट २०२४, नागपूरच्या चार दैनिकांत: आरोप कितव्या ओळीत, खुलासा कितव्या ओळीत, मेलेली माणसं कितव्या. मी तिला म्हटलं, यात तुझ्या मार्गदर्शकाचंही जुनं पान निघेल, काढ बिनधास्त. २०२४ चं तिचं काम होत आलंय. २०२२ च्या ऑगस्टच्या फायली वाचनालयातून बायंडिंगला गेल्या आहेत. ग्रंथपाल म्हणतात, दिवाळीनंतर या.